अक्षयनीवी : नाशिकच्या लेखांतील लोककार्याची द्रव्यव्यवस्था

नाशिकजवळच्या त्रिरश्मि पर्वतावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, शिलालेखांचा उपयोग मुख्यत्वेंकरून राजवंशांचा अनुक्रम लावण्याकडे होत आला आहे. क्षहरात नहपानाचा काल कोणता, त्याच्या वेळच्या लेखांतील ४१, ४२ व ४५ हीं वर्षें कोणत्या गणनेचीं, या प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु याच लेखांत निराळ्या प्रकारचाही ऐवज आहे. लोकोपयोगी काम उभारल्यावर तें कर्त्याच्या मागें कसें चालावें, त्याचा खर्च कोणीं व कोठून भागवावा, याची बांधीव योजना त्यांत नमूद आहे. तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

दिनीकाचा पुत्र व नहपानाचा जांवई उषवदात यानें केलेल्या कामांची यादी लेणें क्रमांक १० मध्यें कोरली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळील गोवर्धन व सोपारें, येथें त्यानें उतारूंसाठीं निवासस्थानें बांधलीं. विहिरी व तळीं खोदविलीं. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व डाहाणुका या सहा नद्यांवर फुकट नावा ठेविल्या आणि तीरांवर पाणपोया घातल्या. इतकीं कामें राजकुलांतील पुरुषाच्या वैभवास शोभतात खरीं. पण नाव कुजते, पाणपोईस माणूस लागतो, आणि दाता तर मर्त्य. मग पुढें काय? निदान एका दानापुरतें या प्रश्नाचें उत्तर त्याच लेण्यांतील ४२ व्या वर्षाच्या लेखांत मिळतें.

त्या लेखाप्रमाणें उषवदातानें हें लेणें चातुर्दिश संघास दिलें व सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी लावून दिली. ही रक्कम त्यानें भिक्षूंच्या हातीं दिली नाहीं व स्वतःच्या कोठारांतही ठेविली नाहीं. गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण शेंकडा १ दरानें, व कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेंकडा पाऊण दरानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट घातली. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस दर असामीस १२ कार्षापण वस्त्रांसाठीं मिळावयाचे. दुसऱ्या रकमेचें व्याज कुशणमूल्यासाठीं. कुशण शब्दाचा अर्थ विद्वानांत वादग्रस्त आहे.

दर मासिक कीं वार्षिक, हें लेखांत उघड सांगितलेलें नाहीं. परंतु गणितानें तें ठरतें. २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ म्हणजे वर्षास २४० कार्षापण लागणार. २००० वर दरमहा शेंकडा १ धरल्यास महिन्याचे २० व वर्षाचे बरोबर २४० होतात. जमाखर्चाचीं दोन्ही अंगें एका कवडीचाही फरक न पडतां जुळतात. यावरून खर्चाचा आंकडा आधीं ठरवून त्यास पुरेल एवढें मुद्दल बाजूस काढलें, असा आमचा तर्क आहे. त्याच हिशेबानें दुसऱ्या १००० चें व्याज वर्षास ९० कार्षापण येतें.

या व्यवहारांत प्रत्येकाचें काम वेगळें आहे. द्रव्य राजाच्या जांवयाचें. तें व्यापारांत फिरवून व्याज देण्याचा बोजा खासगी कारागिरांच्या श्रेणींवर. त्याबदल्यांत त्यांस कधींच परत न करावयाचें भांडवल मिळालें. लाभ संघाचा. आणि हा सर्व करार निगमसभेंत, म्हणजे नगराच्या सभेंत, ऐकवून रिवाजाप्रमाणें दफ्तरीं नोंदविला, असें लेखच सांगतो. म्हणजे साक्ष साऱ्या नगराची. दगडावरचा लेख ही त्या दफ्तरी नोंदीची जणूं कायमची नक्कलच होय.

आतां याच टेकडीवरील दुसरा दाखला पहावा. गौतमीपुत्र सातकर्णीनें १८ व्या वर्षीं गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्यास आज्ञा करून, पूर्वीं उषवदाताकडे असलेलें कखडी गांवचें २०० निवर्तनांचें शेत येथील तपस्व्यांस दिलें. राजवट पालटली कीं जमिनीचा धनी कसा पालटतो, हें या एका वाक्यांत दिसतें. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारल्याचें १९०६ सालीं सांपडलेल्या जोगळटेंभीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या सांठ्यावरून सिद्धच आहे. पुढें २४ व्या वर्षाच्या आज्ञापत्रांत मात्र अशी कबुली आहे कीं, कखडीस दिलेलें शेत कसलें जात नाहीं व गांवही वसत नाहीं; सबब नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं. शेत दिलें, पण कसणारा कोण याची तजवीज राहिली. म्हणून दान कागदावर शाबूत असूनही निष्फळ झालें. राजा हयात होता व त्यानें दखल घेतली, म्हणून दुसरें शेत मिळालें. उषवदाताच्या नीवीस असा वारंवार राजाश्रय लागूं नये, अशीच तिची रचना होती.

श्रेणींवरील हा विश्वास एका पिढीपुरता नव्हता. तिसऱ्या शतकांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षीं विष्णुदत्ता नांवाच्या शक उपासिकेनें याच पर्वतावरील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठीं अक्षयनीवी ठेविली. तींत कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, यांच्या श्रेणीकडे १००० व ओदयंत्रिक, म्हणजे जलयंत्रें करणारे, यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण आहेत. मध्यंतरीं क्षहरात गेले, सातवाहन गेले. तरी ठेव ठेवण्यास कारागिरांच्या श्रेणीच भरंवशाच्या वाटल्या.

यावरून आमचें म्हणणें इतकेंच कीं, लोककार्याचा इतिहास लिहितांना तें कोणीं बांधलें यावर थांबूं नये. तें कशावर चाललें हेंही शोधावें. धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रें व घाट यांच्या सनदा संग्राहक जिवापाड जपतात, कारण त्यांवर शिक्के व मोठीं नांवें असतात. त्याच रुमालांतील व्याजाच्या याद्या, दुरुस्तीचे हिशेब व ठेवीच्या पावत्या मात्र वाण्याच्या चिठ्ठ्या समजून वाळवीच्या स्वाधीन होतात. सनद दात्याची इच्छा सांगते. ती इच्छा किती वर्षें पाळली गेली, हें त्या चिठ्ठ्याच सांगूं शकतात. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं ते सनदेपासून न तोडतां एकत्र ठेवावे व जमल्यास त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंति आहे. उषवदातानें आपला हिशेब दगडावर कोरविला. कागदावरील हिशेबांस तें भाग्य नाहीं.