पॅलेस्टाइनमधील भूमिप्रश्न

भूमध्य समुद्र व जॉर्डन नदी यांमधील पॅलेस्टाइन ह्या प्रदेशातील भूमीच्या स्वामित्वावरून ज्यू व अरब यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेला वाद. दोन धर्मांमधील प्राचीन वैर म्हणून त्याचे वर्णन पुष्कळदा केले जाते. धर्माने ह्या वादाला भाषा व भावना पुरविली, हे खरे. तथापि त्याचा आरंभ जमिनीची नोंद, तिची खरेदी आणि कुळांची बेदखली यांतून झाला.

धार्मिक पार्श्वभूमी : ह्या प्रदेशाचे प्राचीन नाव कनान. इझ्राएल ह्या लोकसमूहाचा बायबलबाह्य असा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख ईजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या इ. स. पू. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या शिलालेखात आढळतो. ज्यू परंपरेनुसार परमेश्वराने अब्राहमच्या वंशजांना ही भूमी देऊ केली. अनेक अभ्यासकांच्या मते, बहुदेवतावादी परिसरात याहवेची उपासना हळूहळू वाढत गेली आणि इ. स. पू. ५८६ मध्ये बॅबिलोनियनांनी जेरूसलेमचे मंदिर पाडल्यानंतरच्या निर्वासनकाळात तिला एकेश्वरवादाचे निश्चित रूप आले. रोमनांनी इ. स. ७० मध्ये दुसरे मंदिर उद्‌ध्वस्त केले व १३५ मध्ये ज्यूंचे बंड मोडून काढले. पुढे ज्यूंची बहुसंख्या देशाबाहेर राहिली. तथापि जेरूसलेमकडे तोंड करून प्रार्थना करण्याची प्रथा कायम राहिली. इस्लाम हा ह्याच एकेश्वरी परंपरेशी नाते सांगतो. अरब आपला वंश अब्राहमचा पुत्र इस्माईल याच्याशी जोडतात; मुसलमानांचा पहिला किब्लाही जेरूसलेम हाच होता. प्राचीन मंदिराच्या परिसरात सातव्या शतकाच्या अखेरीस ‘डोम ऑफ द रॉक’ ही वास्तू उभी राहिली. त्यामुळे एकच टेकडी दोन्ही धर्मांना पवित्र झाली.

ऑटोमन भूमिव्यवस्था : १५१६ पासून सु. चारशे वर्षे हा प्रदेश ऑटोमन साम्राज्यात होता. येथील पुष्कळ गावांत ‘मुशा’ ही सामाईक धारणापद्धती होती. तीत जमिनीचे वाटप ठराविक काळाने नव्याने होई. शेतकऱ्याचा हक्क वहिवाटीवर अवलंबून असे, कागदावर नव्हे. १८५८ च्या भूमिसंहितेने नावनिशीवार नोंदणी सुरू केली. कर व सक्तीची लष्करभरती यांच्या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी नोंदणी टाळली किंवा जमिनी प्रतिष्ठितांच्या नावे लावल्या. परिणामी बेरूत, दमास्कस इ. शहरांतील व्यापारी कुटुंबे मोठ्या क्षेत्रांची कायदेशीर मालक बनली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारे शेतकरी त्यांची कुळे ठरले.

झायोनवाद व जमीनखरेदी : रशियातील ज्यूंवर १८८१ पासून झालेल्या हल्ल्यांमुळे स्थलांतराला चालना मिळाली. टेओडोर हेर्त्सल याच्या पुढाकाराने १८९७ मध्ये बाझेल येथे पहिली झायोनवादी परिषद भरली. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीने खरेदी केलेली जमीन पुन्हा न विकता दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले. भूमी कायमची विकू नये, ह्या बायबलमधील आज्ञेचा त्यामागे आधार होता. यूरोपात छळ सोसलेल्या ज्यूंच्या दृष्टीने ही खरेदी कायदेशीर व रास्त होती. अरब कुळांच्या दृष्टीने मात्र मालक बदलला की कसण्याचा हक्कही संपे. कारण नव्या वसाहतींत बहुधा ज्यू मजुरांनाच काम देण्याचा आग्रह असे. बेरूतच्या सुर्सुक कुटुंबाने १९२० नंतरच्या दशकात येझ्रिएल खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन विकली, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला.

ब्रिटिश महादेश : पहिल्या महायुद्धात ब्रिटनने अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखविली आणि २ नोव्हेंबर १९१७ च्या बॅल्फोर घोषणेने ज्यूंना राष्ट्रीय निवासस्थानाचे आश्वासन दिले. १९२२ च्या जनगणनेत ज्यूंचे प्रमाण सु. ११ टक्के होते. १९४६ अखेर ते सु. एक तृतीयांश झाले. १९२९ च्या दंगलींत १३३ ज्यू व ११६ अरब मृत्युमुखी पडले. त्यांची चौकशी करणाऱ्या शॉ आयोगाने भूमिहीनतेच्या धास्तीकडे लक्ष वेधले. अरबांच्या उठावाच्या काळात (१९३६–३९) पील आयोगाने १९३७ मध्ये फाळणी सुचविली. १९४० च्या नियमांनी जमीन-हस्तांतरावर निर्बंध घातले. परंतु त्याच वेळी नाझींच्या छळातून सुटू पाहणाऱ्या ज्यूंना दारे बंद होत होती.

फाळणी व नंतर : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत केला, भारताने विरोधी मत दिले. त्या वेळी ज्यूंच्या मालकीची जमीन सु. ७ टक्केच होती, तर नियोजित ज्यू राज्याला निम्म्याहून अधिक प्रदेश मिळणार होता. ज्यूंनी ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला. १४ मे १९४८ रोजी इझ्राएलची स्थापना झाली. १९४९ च्या युद्धविरामानंतर महादेशाच्या प्रदेशापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग इझ्राएलकडे राहिला आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले. अरब देशांतील लक्षावधी ज्यूंनाही पुढे घरदार सोडावे लागले. त्यांपैकी बहुसंख्य इझ्राएलमध्ये आले. कोकणातील मराठीभाषिक बेने इझ्राएल समाजातील अनेक कुटुंबेही तेथे स्थायिक झाली.

१९५० च्या अनुपस्थितांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यान्वये निर्वासितांच्या जमिनी शासकीय अभिरक्षकाकडे गेल्या. देशातच राहिलेले, पण गावाबाहेर गेलेले काही अरब नागरिकही ‘अनुपस्थित’ ठरले. भूसंपादनाविरुद्ध ३० मार्च १९७६ रोजी झालेल्या निदर्शनांत सहा अरब मारले गेले. हा दिवस भूमिदिन म्हणून पाळला जातो.

१९६७ च्या युद्धात पश्चिम तीर, गाझा व पूर्व जेरूसलेम इझ्राएलच्या ताब्यात आले. लष्करी कारणासाठी खाजगी जमीन घेऊन वसाहत उभारणे इझ्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये एलोन मोरे प्रकरणात अवैध ठरविले. त्यानंतर १८५८ च्या ऑटोमन संहितेचाच आधार घेऊन नोंद नसलेल्या व सलग लागवडीखाली नसलेल्या जमिनी सरकारी घोषित करण्यात आल्या. १९९५ च्या करारानुसार पश्चिम तीराचा सु. ६० टक्के भाग (‘क’ विभाग) इझ्राएलच्या पूर्ण नियंत्रणाखाली राहिला. २००५ मध्ये गाझातील वसाहती हलविण्यात आल्या. २००७ पासून तेथे हमासची सत्ता आली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सु. १,२०० लोक मारले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो लोक मृत्युमुखी पडले व बहुतेक रहिवासी विस्थापित झाले.

समालोचन : एका पक्षाचा दावा स्मृती व धर्मग्रंथ, खरेदीखत आणि जगात कोठेही सुरक्षितता न लाभल्याचा अनुभव यांवर उभा आहे, दुसऱ्याचा वहिवाट, पूर्वजांची गावे आणि विस्थापन यांवर. धर्मश्रद्धेची फाळणी होत नसली, तरी जमिनीची सीमा ठरविता येते. म्हणूनच भूमीचा प्रश्न जितका केवळ धार्मिक समजला जाईल, तितकी तडजोड दुरावण्याची शक्यता अधिक.