विशिखानुप्रवेश आणि डॉ. भाऊ दाजी

नवशिक्या वैद्यावर रोग्यानें विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. आपल्या शास्त्रकारांनीं त्याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. मुंबईच्या पहिल्या पदवीधर डॉक्टरांपैकीं एकाच्या चरित्राला त्या विचाराची कसोटी लावून पाहणें, आणि त्या ओघांत नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखाकडे वाचकांचें लक्ष वेधणें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दहावा अध्याय ‘विशिखानुप्रवेशनीय’ या नांवाचा आहे. विशिखा म्हणजे रस्ता. शिकून तयार झालेल्या वैद्यानें व्यवसायाच्या रस्त्यावर पहिलें पाऊल कसें टाकावें, हें त्यांत सांगितलें आहे. शास्त्राचें अध्ययन, त्याच्या अर्थाचें मनन, कर्मांचें प्रत्यक्ष अवलोकन, स्वतःचा हात बसविणें आणि राजाची अनुज्ञा या गोष्टी आधीं पाहिजेत. त्यांच्या जोडीला स्वच्छता, शुभ्र पण साधा वेष आणि शुभ वाणी सांगितली आहे. पुढें दोन विशेषणें येतात, तीं फार महत्त्वाचीं आहेत. वैद्य ‘अकुहक’, म्हणजे कपटरहित असावा. आणि तो प्राणिमात्रांना बंधूसारखा असावा. हात कसा बसवावा हें त्याच्या आधींच्याच अध्यायांत आलें आहे: छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा. नवशिक्याच्या हातची चूक रोग्याच्या देहावर होऊं नये, ही दक्षता त्यांत उघड दिसते. शारीरस्थानांत तर प्रेत वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवून अवयव डोळ्यांनीं पाहण्याचा विधि दिला आहे. हा विधि पुढें बहुतेक ग्रंथांतच राहिला. १८३६ सालीं कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं शवविच्छेदन केलें तेव्हां केवढी खळबळ उडाली, हें सर्वश्रुत आहे.

मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. शेजारींच जमशेटजी जिजीभाई यांच्या दानांतून उभारलेलें रुग्णालय असल्यामुळें विद्यार्थ्यांना ‘दृष्टकर्म’ होण्याची सोय झाली. १८५१ सालीं जे पहिले आठ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत गोमंतकांतील मांजरें गांवीं जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड होते. शास्त्र, कर्म आणि राजाची अनुज्ञा हीं तीन त्यांच्या पदरीं पडलीं होतीं. पण सरकारी शिक्का हा रोग्याच्या मनावरचा शिक्का नव्हे. शवाला हात लावणारा, परदेशी औषधें देणारा हा नवा वैद्य घरांत कसा घ्यावा, ही शंका त्या काळीं साहजिक होती.

भाऊ दाजींनीं तिला दोन मार्गांनीं उत्तर दिलें असें दिसतें. आपले बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनीं धर्मार्थ दवाखाना चालविला. त्यामुळें गरिबाला नव्या वैद्याची पारख करतांना गांठचें कांहीं गमवावें लागलें नाहीं. दुसरें असें कीं, त्यांनीं जुन्या विद्येचा धिक्कार केला नाहीं. संस्कृत वैद्यकग्रंथ अभ्यासून त्यांत वर्णिलेल्या औषधींचे गुण त्यांनीं अनुभवानें पडताळून पाहिले. ज्याच्या आजोबांच्या काढ्याला डॉक्टर हंसत नाहीं, तो रोगी डॉक्टरची पुडीही निःशंक घेतो.

मात्र ‘अकुहक’ या विशेषणाशीं येऊन थोडें थांबावें लागतें. समाजानें टाकलेल्या कुष्ठरोग्यांवर भाऊ दाजींनीं मोठ्या आस्थेनें उपचार केले. परंतु औषध गुप्त ठेविलें, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. त्यांत कपट होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण गुप्त औषधावरील विश्वास हा औषधावर नसून माणसावर असतो, आणि माणसाबरोबरच तो जातो. ३१ मे १८७४ रोजीं भाऊ दाजी वारले. त्यांचें औषध म्हणजे कडू कवठीच्या बियांचें तेल असावें, असा तर्क पुढें वनस्पतिशास्त्रज्ञांना करावा लागला. त्याच वर्गांतील तेलें १९४० नंतरच्या दशकांत नवीं औषधें येईपर्यंत कुष्ठरोगावर जगभर वापरांत होतीं, हें ध्यानीं घेतां त्या मौनाची किंमत कळते.

याच्या उलट उदाहरण आमच्या नाशिकास आहे. त्रिरश्मि पर्वतावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे. शक अग्निवर्म्याची कन्या व गणपक रेभिलाची पत्नी विष्णुदत्ता हिनें गोवर्धन येथील श्रेणींकडे एकीकडे १०००, दुसरीकडे २००० कार्षापण अशा रकमा अक्षयनीवि म्हणून ठेविल्या. त्यांच्या व्याजांतून विहारांतील आजारी भिक्षूंना औषध मिळावयाचें होतें. येथें विश्वास एका वैद्याच्या आयुष्यावर टांगलेला नाहीं. तो सर्वांना वाचतां येईल असा दगडावर कोरलेला आहे. हीं लेणीं मुंबई गॅझेटियरच्या नाशिक खंडांत (१८८३) ज्यांनीं वर्णिलीं, ते पंडित भगवानलाल इंद्रजी भाऊ दाजींसाठींच शिलालेखांचे ठसे घेत हिंडलेले होते, हा योग चिंतनीय आहे. शिलालेखांचा अर्थ जगापुढें मांडणाऱ्या त्या पंडित डॉक्टरानें औषधाचा पाठ तेवढा मांडला नाहीं!

तात्पर्य, ज्ञान आणि हातोटी यांनीं वैद्य दारापर्यंत पोंचतो. बंधुभावानें तो घरांत शिरतो. आणि उघडेपणानें त्याचा विश्वास त्याच्या मागें उरतो. नाशकांत व पंचवटींत ज्यांच्या घरीं जुन्या वैद्यांच्या वा डॉक्टरांच्या रोजनिशा, औषधांच्या वह्या अगर हिशेबाचीं बाडें असतील, त्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन न करतां अभ्यासकांस दाखवावीं. कोणता पाठ कोठें गुप्त राहिला आहे, हें तेव्हांच कळेल.