संगीत नाटक आणि दहिकाल्याची रात्र

नाटकांतील पद कानाला गोड लागणें निराळें आणि तें काळजाला जाऊन भिडणें निराळें, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. गळा तोच, राग तोच. परंतु एका रात्रीं प्रेक्षक 'वाहवा' करून उठतो आणि दुसऱ्या रात्रीं घरीं जातांना वाटेंत कोणाशीं बोलत नाहीं. हा फरक कशानें पडतो, याचा शोध घेतांना आम्हांस पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांपेक्षां मालवण-वेंगुर्ल्याकडील दशावताराचा आधार अधिक वाटतो.

कार्तिक आला, भाताची कापणी आटोपली, कीं या किनाऱ्यावरील देवळांच्या जत्रा सुरू होतात. रात्रीं पालखी फिरल्यावर देवळापुढील मोकळ्या जागेंत दशावतार उभा राहतो. देखावे नाहींत, एक बांक तेंच सिंहासन, तोच पर्वत, प्रसंगीं तोच रथ. बाजूस पेटी, पखवाज व झांज. गणपति, ऋद्धिसिद्धि, सरस्वती येऊन जातात. वेद चोरणारा संकासुर मालवणी बोलींत हंशा पिकवितो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. मग आख्यान लागतें. कथा ठरलेली, भाषणें मात्र लिहिलेलीं नसतात. तीं नटाच्या जिव्हेवर. स्त्रीपात्रें पुरुषच करतात. पहांटे दहिहंडी फुटली कीं खेळ संपला. 'रात्रीं राजा, सकाळीं डोक्यावर बोजा' ही म्हण या नटांवरूनच पडली. कारण खेळ संपतांच वेषांचा पेटारा उचलून पुढच्या गांवची वाट पायीं तुडवावी लागे.

आतां चिलया बाळाची कथा घ्या. अतिथीच्या वेषानें आलेला शंकर श्रियाळ राजाकडे त्याच्या पुत्राचेंच मांस मागतो. चांगुणेनें बाळाचें मस्तक उखळांत घालून कांडावें, कांडतांना गाणें म्हणावें, डोळ्यांत पाणी येऊं देऊं नये, अशी त्याची अट. शेवटीं बाळ जिवंत होणार, हें समोर बसलेल्या म्हातारीपासून पोरांपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. तरी बायकांचे पदर डोळ्यांस लागतात. कां? येथें गाणें ही शोभा नव्हे. त्या मातेला करावें लागणारें तें एक कृत्य आहे. रडण्याची वाट बंद झाल्यावर दुःखाला सुराखेरीज दुसरी वाट उरत नाहीं. तिनें रडावयाचें नाहीं, म्हणून आपण रडतों.

मराठी रंगभूमीचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां पदें सूत्रधार गात असे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' आणलें व ज्याचें पद त्याच्याच मुखीं घातलें. जो भोगतो तोच गाऊं लागला. आमच्या मतें संगीत नाटकाचा खरा जन्म तेथें झाला. १८९९ सालच्या देवलांच्या 'शारदे'त, पैशासाठीं म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधली जाणारी मुलगी आपलें भय व गाऱ्हाणें जणूं बोलावें तसेंच गाते. असल्या व्यवहारांत गुंतलेल्या बापांस तें ऐकणें खचित जड गेलें असेल.

पुढें बालगंधर्वांचा काळ आला. १९१६ च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनीं रागदारी चाली दिल्या. त्या गायनानें महाराष्ट्राचा कान घडविला, हें ऋण मोठें आहे. परंतु 'वन्समोअर'च्या गजरांत पद लांबूं लागलें, कीं नायिकेला नायकाची ओढ आहे कीं तानेची, असा प्रश्न पडे. १९२० च्या 'द्रौपदी'त भव्य देखाव्यांची भर पडली, खर्च वाढला. १९३१-३२ सालीं बोलपट आला आणि नाटक मंडळ्या एकामागून एक मोडूं लागल्या. त्याचीं कारणें अनेक. पण नुसतें गाणें ऐकावयाचें तर तें आतां स्वस्तांत दुसरीकडे मिळूं लागलें, हें त्यांतील एक.

दशावतारी मंडळ्यांचा पेटारा मात्र फिरत राहिला. १९८१ सालीं सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला; त्याच्या जत्रांतून त्या आजहि उभ्या राहतात. नाट्यसंगीताच्या चाली त्यांनींहि उचलल्या आहेत, आणि तेथेंहि धोका तोच. पेटीवाल्यास हुरूप चढला, नटानें दोन ताना अधिक घेतल्या, कीं चांगुणा दूर होते आणि गवई तेवढा उरतो.

मग गायनकौशल्य नकोच कीं काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. बेसूर विलापानें करुणरसाचाहि हास्यरस होतो. म्हणणें इतकेंच, कीं बोलणें जेथें थांबतें तेथें पदानें यावें, आणि पात्राचें दुःख सांगून होतांच निघून जावें. दहिकाला आटोपल्यावर शेताच्या बांधांवरून घरीं परतणारीं माणसें रागाचें नांव घेत नाहींत, चांगुणेचें घेतात.