विषाची सुई

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात सुरकुत्या घालविणाऱ्या सुईचा, म्हणजे बोटॉक्सचा, विषय निघाला. “विष टोचून घ्यायचे, तेही तोंडावर!” म्हणून आपण सगळ्याजणी हसलो. मीही हसले, पण हीच सुई माझ्या जाऊबाईंना देतात हे आठवून ओशाळले. त्यांचे डोळे आपोआप गच्च मिटत. म्हणून, भगिनींनो, या सुईचा इतिहास वाचून-विचारून जेवढा कळला तेवढा लिहिते.

ते विषच, यात शंका नाही. जर्मनीतील वुर्टेंबर्ग भागात आतड्यात भरलेले मांस, ज्याला सॉसेज म्हणतात, ते खाऊन माणसे दगावत. पापण्या गळत, घास गिळवत नसे, शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी (हे गृहस्थ कवीही होते!) १८२० व १८२२ साली त्यावर पुस्तके लिहिली. ते विष त्यांनी स्वतःवर आजमावून पाहिले. काय म्हणावे या धाडसाला! अगदी थोडे दिल्यास हेच औषध ठरेल, असेही त्यांनी सुचविले. पुढे १८९५ साली बेल्जियममध्ये एका अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांना डुकराचे खारवलेले मांस बाधले, तिघे गेले. त्यावरून व्हान एर्मेंगेम यांनी जंतू शोधला. लॅटिनमध्ये सॉसेज म्हणजे ‘बोटुलुस’. नाव त्यावरून पडले.

औषध व्हायला मात्र फार काळ गेला. सॅनफ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळ्या डोळ्यांसाठी वापरले. १९८९ साली अमेरिकेत त्याला व पापण्यांच्या आचक्यांसाठी परवानगी मिळाली.

सुरकुत्यांचे श्रेय एका रुग्ण बाईला. १९८७ साली कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. जीन कॅरुथर्स या नेत्रवैद्य बाईंकडे ती आचक्यांसाठी येई. एकदा तिने तक्रार केली, भुवयांमध्ये का टोचले नाही? तेथे टोचले की चेहरा कसा निवांत दिसतो! डॉक्टरीणबाईंचे यजमान त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मनावर घेतले, पहिली सुई स्वतःच्याच दवाखान्यातील स्वागतिकेला दिली. १९९२ साली लेख आला, २००२ साली अमेरिकेत भुवयांमधील आठ्यांसाठी मान्यता मिळाली.

मज्जातंतू एका रसाच्या हाती स्नायूला ‘आवळ’ असा निरोप धाडतो. औषध तो रस सुटू देत नाही. नाडी सैल केल्यावर परकराच्या चुण्या उलगडाव्यात, तसे होते. तीन-चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यासारखे. नको तेथे औषध पसरले तर पापणी काही दिवस लोंबते, म्हणून हात जाणत्याचाच हवा.

जाऊबाई गेल्या महिन्यात सुई घेऊन आल्या. आठवड्याने त्यांनी सुईत दोरा स्वतःच ओवला.