मातीचा माहूर

सहामाही परीक्षा संपली, की पुण्या-साताऱ्याकडच्या मुलांचे हात चिखलाने माखतात. दगड-विटा रचायच्या, वर ओले गोणपाट अंथरायचे, चिखल लिंपायचा, अळीव पेरून हिरवळ उगवायची. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, पायऱ्यांवर मावळे! दिवाळीत घरोघरचे हे किल्ले पाहत हिंडणे म्हणजे इतिहासाचे उघड्यावरचे प्रदर्शनच. तिकीट नाही, आणि माहिती सांगायला कारागीर जातीने हजर!

हदगावच्या अंगणात किल्ला करायचा झाला, तर कोणता करावा? रायगड, प्रतापगड तर करावेतच. परंतु हदगाव तालुक्याच्या शिवेवरून जी पैनगंगा वाहते, तिच्याच खोऱ्यात, नांदेड जिल्ह्यातच, माहूरचा डोंगरी किल्ला आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेल्यांच्या तो परिचयाचा आहे. मात्र तो घडवणाऱ्या मुलाला एक अडचण येईल : माथ्यावर बसवायचे कोणाला?

शिवकाळात माहूरची जहागीर उदारामाच्या घराण्यात होती. त्या घराण्यातली रायबागन मोठी शूर. पण ती मोगलांची सरदार! 1661 साली ती कारतलबखानाबरोबर कोकणात उतरायला निघाली. उंबरखिंडीच्या रानात शिवरायांनी ती सारी फौज कोंडली. तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला रायबागनेनेच दिला, असे ‘शिवभारत’ सांगते. महाराजांनी खंडणी घेऊन फौजेला वाट दिली.

मुलगा विचारील, ‘आपल्याकडची माणसे त्या बाजूला कशी?’ प्रश्न झटकू नये. त्या काळी वतन राखायचे, तर कोणत्या तरी शाहीची चाकरी पत्करायची, ही रीतच होती. खुद्द शहाजीराजांनी निजामशाहीत आणि आदिलशाहीत सरदारी केली. ही रीत मोडून स्वतःचे राज्य उभारणे केवढे अवघड होते, हे रायबागनेकडे पाहिले म्हणजे अधिक उमजते.

म्हणून मातीच्या माहुरावर रायबागनच असावी. शेजारी दोन उंचवटे करून मधे अरुंद वाट ठेवावी, ती उंबरखिंड. महाराज तिथे उंचावर घोड्यावर शोभतील. आपली काळी माती वाळली की भेगाळते, तेव्हा चिखलात थोडा भुसा कालवावा. महाराजांची मूर्ती बाजारात सहज मिळेल. रायबागन मात्र मुलांना आपल्या हातांनीच घडवावी लागेल.