तुरुंगातली वही

गेल्या गणपतीत पुण्याला गेलो असताना आईने कै. काकांची पत्र्याची ट्रंक उघडली. आणीबाणीत काका तुरुंगात होते. तिथे लिहिलेली त्यांची वही सुटकेच्या वेळी परत मिळाली नाही. "तुरुंगात आपलं कोण ऐकतंय?" एवढंच ते म्हणत. दुबई मरीनाला परतल्यावर वाचत बसलो, तेव्हा कळले की काकांच्या आधी दहा वर्षे एका मराठी माणसाचे ऐकले गेले होते.

चीन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांना स्थानबद्ध करून आर्थर रोड तुरुंगात ठेवले. तिथे परवानगी घेऊन त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहिले. छपाईसाठी हस्तलिखित बाहेर पाठवायला मार्च १९६४ मध्ये सरकारने नकार दिला. संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

सरकारचे म्हणणे असे, की स्थानबद्धाला नियमांत दिले आहे तेवढेच हक्क. आमच्या संगणकाच्या धंद्यात फायरवॉल अशीच असते. जे मुद्दाम उघडले नाही ते बंद. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बाराव यांनी नेमके उलट सांगितले. नियमांत नसलेले बंधन स्थानबद्धावर लादता येत नाही, आणि पुस्तक छापण्यावर बंदी नियमांत कुठेच नव्हती.

मंडालेत लिहिलेल्या 'गीतारहस्या'च्या वह्याही १९१४ साली टिळकांना सुटकेनंतर काही काळाने परत मिळाल्या. पण ती सरकारची मर्जी होती. संझगिरींना मिळाला तो हक्क.

तुरुंगातल्या शिक्षांपर्यंत न्यायालय पोहोचायला आणखी वेळ लागला. १८९४ च्या कायद्यात आरोप तपासणारा आणि शिक्षा देणारा एकच, तो म्हणजे अधीक्षक. मी जिथे एम.एस्सी. केले त्या इंग्लंडमध्ये हल तुरुंगातील दंगलीनंतर दिलेल्या शिक्षा न्यायालय तपासू शकते, हे १९७८ साली मान्य झाले. आपल्याकडे तिहारमधील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून डिसेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ठरवले, की एकांतकोठडीसारखी शिक्षा सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय देऊ नये. तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावे.

काकांच्या वाट्याला नेमका मधला काळ आला. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. तो निकाल चुकीचा होता हे २०१७ साली त्याच न्यायालयाने मान्य केले. ते ऐकायला काका नव्हते.

ट्रंकेत चार पोस्टकार्डे सापडली. ती मी इथे घेऊन आलो आहे. आपल्या मंडळींपैकी कुणाच्या घरी असे काही असेल, तर रद्दीत घालू नका.