पहिल्या अखिल-आयरिश विजेतेपदाचा कर्णधार : जिम स्टेपलटन

आयर्लंडमधील हर्लिंग हा खेळ हॉकीच्या कुळातला असला तरी हॉकीहून कितीतरी रांगडा. ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद व चपटी अशी काठी आणि चामड्याने मढविलेला लहान चेंडू एवढेच त्याचे साहित्य. ग्रामीण आयर्लंडात हा खेळ शतकानुशतके खेळला जात होता. परंतु त्याला लिखित नियम, परगणावार संघटना आणि राष्ट्रीय स्पर्धा यांची जोड मिळाली ती १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस येथील हेज हॉटेलात मायकेल क्यूसॅक, मॉरिस डॅव्हिन प्रभृतींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केल्यानंतर. ज्या गावी ही संस्था जन्मली, त्याच गावच्या संघाने तिची पहिली हर्लिंग स्पर्धा जिंकावी आणि त्या संघाचे नेतृत्व मात्र जवळजवळ अपघाताने जिम स्टेपलटन याच्याकडे यावे, हा योगायोग मोठा लक्षणीय आहे.

१८८७ सालच्या या स्पर्धेत परगण्याचा निवडक संघ अशी कल्पनाच नव्हती. परगण्यात अजिंक्य ठरलेला क्लब हाच परगण्याचा प्रतिनिधी मानला जाई. एका बाजूस २१ खेळाडू असत. गोलाचे महत्त्व इतके की एका गोलापुढे कितीही पॉइंट निष्फळ ठरत. टिपेरेरीच्या वतीने थर्लसचा क्लब खेळला. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्याने किल्केनीच्या टुलारोन क्लबास एकही गुण मिळू दिला नाही. तोवर संघाचा कर्णधार होता किलिनन येथील डेनिस माहेर.

अंतिम सामना मात्र लांबला. नोव्हेंबर १८८७ मध्ये थर्लस येथेच भरलेल्या अधिवेशनात फेनियन क्रांतिकारक आणि धर्मगुरूंचे अनुयायी यांच्यात उघड फूट पडली व संस्थाच मोडते की काय, अशी स्थिती आली. ती पुढे सावरली आणि १ एप्रिल १८८८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बर्र या गावी होअर यांच्या शेतात सामना ठरला. प्रतिस्पर्धी होता गॉलवे परगण्यातील मीलिकचा संघ.

प्रयाणाच्या वेळी थर्लसच्या गोटात तंटा उद्भवला. आगगाडीच्या भाड्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न होता. माहेर व त्याचे काही सहकारी हट्टास पेटले आणि बर्रला गेलेच नाहीत. या वर्तनास केवळ अहंकार म्हणणे अन्यायाचे होईल. खेळाडू हौशी होते. खेळातून दमडीची प्राप्ती नसताना प्रवासखर्चही पदरचा करावा काय, ही तक्रार क्षुल्लक नव्हती. तथापि उरलेल्यांना खेळणे भाग होते. त्यांनी स्टेपलटनला पुढे केले.

ऐन वेळी सैन्याचा एक भाग निघून गेला असता उरलेल्यांची फळी उभी करणे हेच त्या दिवशीचे खरे नेतृत्व होय. पॅट्रिक व्हाइट हे पंच होते. मीलिकच्या खेळाडूंनी निकराचा प्रतिकार केला. परंतु कूलक्रू येथील टॉमी हीली याने मारलेला एकमेव गोल निर्णायक ठरला. टिपेरेरीचा एक गोल व एक पॉइंट, गॉलवेचे शून्य. हे आकडे आजच्या वाचकास फार तोकडे वाटतील, पण २१ विरुद्ध २१ अशा दाटीत चेंडू बहुधा जमिनीवरूनच मारला जाई, हे ध्यानात घेतले पाहिजे.

विजयाचे कौतुक मात्र खेळाडूंच्या हाती लवकर आले नाही. १८८८ च्या सप्टेंबरात संस्थेने सुमारे ५० खेळाडू अमेरिकेस पाठविले. निधी उभारण्यासाठी काढलेला हा दौरा आर्थिकदृष्ट्या फसला आणि त्या वर्षीची स्पर्धाही अपुरीच राहिली. पुढे नियम झपाट्याने पालटले : १८९२ पासून एका गोलाचे पाच पॉइंट धरले जाऊ लागले, विजेत्या क्लबाला परगण्यातील इतर क्लबांतूनही खेळाडू घेता येऊ लागले, आणि खेळाडूंची संख्या २१ वरून १७ वर आली. स्टेपलटनने ज्या खेळाचे नेतृत्व केले, तो अशा रीतीने अवघ्या चार वर्षांत जुना झाला. बर्रच्या त्या विजेत्यांना त्यांची पदके मिळाली ती सुमारे २५ वर्षांनी.